वाचकांचे प्रश्न : मस्कतचे बिऱ्हाड आणि सुट्टीचा शुक्रवार

मागील अंकात मस्कतमधील मराठी कुटुंबांच्या सणावारांविषयी लिहिले होते. त्यावर सातारा आणि सांगली भागातून जी पत्रे आली, त्यांत सणांपेक्षा सुट्टीविषयीच अधिक विचारणा होती. नोकरीनिमित्त ओमानमध्ये राहणाऱ्या जोडप्याने सुट्टीच्या दिवशी कोठे जावे, त्यावर किती खर्च करावा आणि वर्षाची रजा गावासाठी राखावी की प्रवासासाठी, असे प्रश्न मुलांनीही विचारले आहेत आणि त्यांच्या आईवडिलांनीही. यजमानांच्या नोकरीमुळे मी तेथे बरीच वर्षे संसार केला असल्याने संपादकांनी ही पत्रे पुन्हा माझ्याकडेच सोपवली. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून मस्कतला असतात. दर शुक्रवारी कोठे ना कोठे फिरायला गेल्याचे फोटो येतात. यंदा तर रजा मिळाल्यावर आधी झांझिबारला जाऊन आले आणि मग आमच्याकडे जेमतेम पंधरवडा राहिले. आम्ही तोंडाने काही बोलत नाही, परंतु फिरण्यात एवढा पैसा आणि एवढी रजा घालवणे योग्य आहे का? (एक वाचक भगिनी, कराड)

उत्तर : आपल्या पत्रात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या वेगळ्या केलेल्या बऱ्या. शुक्रवारचे फिरणे निराळे आणि वार्षिक रजेतील प्रवास निराळा.

शुक्रवारच्या फिरण्याला मी चैन म्हणणार नाही. तेथील शुक्रवार म्हणजे आपला रविवार. सरकारी कचेऱ्यांना 2013 पासून शुक्रवार आणि शनिवार अशी सुट्टी असते, मात्र अनेक खाजगी कंपन्यांत प्रत्यक्ष हाती लागतो तो एकटा शुक्रवारच. त्या दिवशी घरून डबे भरून न्यायचे, गाडीत पेट्रोल टाकायचे आणि एखादा किल्ला, समुद्रकिनारा किंवा डोंगरातील वाडी, म्हणजे पाण्याची घळ, पाहून रात्री परत यायचे, यात खर्च तो काय होतो? हीच संध्याकाळ मॉलमध्ये घालवली तर खिशाला अधिक चाट बसते, आणि मॉलचे फोटो कोणी गावी पाठवत नसल्यामुळे ती चाट सासूबाईंच्या नजरेला पडत नाही, एवढाच काय तो फरक.

आपल्या सूनबाईंचा आठवडा कसा जातो, हेही एकदा विचारून पाहावे. कुटुंब व्हिसावर गेलेल्या पत्नीला त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. त्यासाठी कामाचा वेगळा परवाना लागतो. शिकलेली, येथे चार वर्षे नोकरी केलेली मुलगी तेथे दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत एकटी असते. शेजार चांगला मिळाला तर ठीक, नाही तर दिवसभरात बोलायला माणूस नाही. मे ते सप्टेंबर पारा बरेचदा 40 च्या आसपास असतो, कधी कधी 45 च्याही पुढे जातो आणि सकाळी नऊनंतर पायी बाहेर पडण्याची सोय राहत नाही. ऑक्टोबर ते मार्च एवढाच काय तो मोकळ्या हवेत वावरण्याचा काळ. त्या दिवसांत ही दोघे दर शुक्रवारी बाहेर पडत असतील, तर संसार शहाणपणाने चालला आहे असे मी म्हणेन. ज्या देशात राहायचे, तो पायाखाली घातला नाही तर तेथील वर्षे घर, ऑफिस आणि विमानतळ यांतच संपून जातात. अशी कुटुंबे मी पुष्कळ पाहिली. दहा-दहा वर्षे मस्कतला काढून परतलेल्या माणसाला निझव्याचा किल्ला कसा आहे असे विचारले, तर तो दुसऱ्यालाच विचारतो.

आता रजेविषयी. ओमानच्या कामगार कायद्यानुसार वर्षाला 30 दिवसांची पगारी रजा मिळते. ती सगळी गावीच घालवावी, अशी आपल्याकडे रीत पडली आहे आणि तिच्यामागील माया मला समजते. परंतु गावची रजा ही मुलांच्या दृष्टीने विश्रांती नसते, हे आपणही मान्य कराल. आल्या आल्या पालीच्या खंडोबाला जायचे, माहेरचे आणि सासरचे सगळे उंबरे झिजवायचे, राहिलेल्या लग्नांचे आहेर पोहोचवायचे, बँकेत केवायसी करायचे, दाताच्या डॉक्टरांकडे दोनदा जायचे आणि शेवटच्या दिवशी चटण्या-पापडांचे वजन करत बसायचे. पंधरा दिवस असे काढल्यावर त्या दोघांना एकमेकांशी निवांत बोलायला मिळाले असेल का? म्हणून रजेचा लहान भाग स्वतःसाठी आणि मोठा भाग घरासाठी, अशी वाटणी मला रास्त वाटते. आपल्याला ती उलट झाल्यासारखी वाटत असेल, तर मनात न ठेवता सांगून टाकावे. कोणती यात्रा, कोणते लग्न, कोणते श्राद्ध यांसाठी ती दोघे हवीच आहेत, हे वर्षाच्या सुरुवातीलाच कळवले तर तिकिटेही स्वस्तात मिळतात आणि रुसवेही टळतात.

झांझिबारबद्दल एक सांगते, म्हणजे मुलांची निवड आपल्याला उधळपट्टीची वाटणार नाही. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने 1840 च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून पूर्व आफ्रिकेजवळच्या त्या बेटावर हलवली होती, लवंगेच्या बागा वाढवल्या होत्या आणि त्याच घराण्याची गादी तेथे 1964 पर्यंत टिकली. तेथील जुन्या दगडी शहराच्या कोरीव दरवाजांवर कच्छ-गुजरातच्या कारागिरीची छाप स्पष्ट दिसते. मस्कतला राहणाऱ्याने झांझिबार पाहणे म्हणजे आपल्याकडच्या माणसाने तंजावरचा मराठ्यांचा वाडा पाहण्यासारखेच आहे.

प्रश्न : माझे लग्न नुकतेच झाले असून नोव्हेंबरमध्ये मी मस्कतला जात आहे. यजमानांकडे अद्याप गाडी नाही आणि लायसन्सही नाही. गाडीशिवाय तेथे काही पाहता येते का? सुरुवात कोठून करावी? (सांगली)

उत्तर : आपण योग्य महिन्यात जात आहात. गाडी नसली तरी पहिले काही महिने शहरच पुरून उरते. मस्कत हे आपल्या शहरांसारखे एकवटलेले नाही, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत ते लांबच लांब पसरले आहे. त्यामुळे एका दिवशी एकच भाग हाती घ्यावा. मव्वासलात या तेथील सार्वजनिक बससेवेच्या गाड्या रुवी आणि मत्रह या भागांपर्यंत जातात. मत्रहला संध्याकाळी बंदराच्या कडेने चालावे, मग जुन्या बाजारात शिरावे. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याच्या दोन अंगांना जलाली आणि मिरानी हे किल्ले आहेत. पोर्तुगीजांनी 1507 मध्ये मस्कत घेतले आणि 1580 च्या दशकात या किल्ल्यांना आजचे रूप दिले. 1650 मध्ये इमाम सुलतान बिन सैफ याने त्यांना हुसकावून लावले. वसई आणि रेवदंडा माहीत असलेल्या मराठी माणसाला ही तटबंदी ओळखीची वाटते. राजवाड्यासमोर 2016 मध्ये उघडलेले राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याला सबंध सकाळ द्यावी. जवळच शिवमंदिर आहे, दारसैतला कृष्णमंदिर आहे, आणि सोमवारी किंवा एकादशीला तेथे गेलात तर मराठी बोलणारे कोणी ना कोणी भेटतेच.

सुलतान काबूस मशीद मात्र शुक्रवारी पाहायला जाऊ नये. मुस्लिमेतरांना ती शनिवार ते गुरुवार सकाळी आठ ते अकरा या वेळेतच पाहता येते. स्त्रियांनी डोके, हात आणि पाय झाकलेले असावेत, म्हणून पूर्ण बाह्यांचा पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी सोबत असली की काम भागते. आतील प्रार्थनागृहात 70 मीटर लांब आणि 60 मीटर रुंद असा गालिचा आहे.

लायसन्सच्या बाबतीत मात्र आळस करू नये, आणि ते फक्त यजमानांनीच काढावे असेही मानू नये. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, आणि रहिवासी म्हणून राहणाऱ्या भारतीयाला आपले लायसन्स दाखवून भागत नाही, नव्याने परीक्षा द्यावी लागते. त्यातील ड्रमच्या परीक्षेची धास्ती सगळ्यांनाच असते. लोखंडी पिंपे उभी करून आखलेल्या अरुंद जागेत गाडी उलटी घालायची आणि पिंपाला धक्का लागू द्यायचा नाही. नंतर चढावर गाडी थांबवून ती मागे न घसरवता पुढे काढायची, आणि शेवटी पोलीस अधिकारी शेजारी बसवून रस्त्यावरची परीक्षा. येथे चारचाकी चालवता येत असेल तर निघण्यापूर्वी उलटी गाडी घेण्याचा भरपूर सराव करून जावे. बायकोच्या हाती गाडी असेल तर आठवडाभराच्या एकटेपणावर त्याहून चांगला उपाय नाही.

गाडी आली की पहिली फेरी निझव्याची करावी आणि ती शुक्रवारीच करावी, कारण तेथील जनावरांचा बाजार शुक्रवारी सकाळी भरतो. मस्कतपासून अंतर साधारण 160 किलोमीटर. पहाटे निघून सातच्या आत पोहोचले पाहिजे. ऊन चढले की बाजार उठतो. मधोमध वर्तुळाकार वाट असते, तिच्या आत आणि बाहेर गिऱ्हाइके दाटीने बसलेली असतात, आणि विक्रेते शेळीला किंवा बोकडाला दोरीने धरून त्या वाटेवरून भराभर फिरत मोठ्याने किंमत सांगत असतात. कोणी हात केला की विक्रेता थांबतो. गिऱ्हाईक बसल्या जागेवरूनच बोकडाचे दात पाहते, पाठीवर बोटे दाबून मांस अजमावते आणि नको असेल तर नुसती मान हलवते. लगेच फेरा पुढे सुरू. आपण सांगली जिल्ह्यातल्या, तेव्हा आटपाडीचा शेळ्या-मेंढ्यांचा बाजार ऐकून तरी माहीत असेल. आपल्याकडच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवण्याची रीत होती, तर तेथे सगळा भाव चारचौघांत ओरडून. बुरखा आणि चेहऱ्यावर पितळी रंगाचा मुखवटा असलेल्या बदू, म्हणजे वाळवंटातील भटक्या अरब जमातींच्या, बायका घासाघीस करताना पुरुषांना हार जात नाहीत.

बाजार उठल्यावर किल्ला पाहावा. वर उल्लेख केलेल्या सुलतान बिन सैफनेच सतराव्या शतकात तो बांधला. त्याचा प्रचंड गोल बुरुज तोफांचे हादरे सोसावेत म्हणून निम्म्या उंचीपर्यंत मातीने भरीव केला आहे. तेथून जवळच फलज दारिस हा जुना पाट वाहतो. डोंगरातील पाणी नुसत्या उताराने गावापर्यंत आणणारे असे सुमारे 3,000 पाट ओमानमध्ये अजून चालू आहेत, आणि त्यांपैकी पाच 2006 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतले गेले. पाणी कोणाला किती वेळ, हे दिवसा सावलीच्या घड्याळावर आणि रात्री ताऱ्यांच्या उगवण्यावर ठरे. ताकारी-म्हैसाळ सिंचन योजनांच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या घरातील मुलीला याचे महत्त्व कोणी वेगळे समजावून सांगायला नको.

जबल अख्दरच्या डोंगरावर पुढच्या वेळी जावे. पायथ्याच्या चौकीवर पोलीस गाडी तपासतात आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी नसेल तर वर सोडत नाहीत. वर सुमारे 2,000 मीटर उंचीवर डाळिंबाच्या आणि गुलाबाच्या बागा आहेत. गुलाब एप्रिलच्या आसपास फुलतो.

प्रश्न : भाऊ मस्कतला आहे. तो आईवडिलांना जुलैमध्ये बोलावतो आहे आणि सलालाहचा पावसाळा दाखवीन म्हणतो. वडील सत्तरीचे आहेत. जावे का? (सातारा)

उत्तर : भावाची हौस खरी आहे, पण कासच्या पठाराखाली राहणाऱ्या माणसाला पाऊस पाहायला ओमानला नेणे म्हणजे अंमळ गंमतच आहे.

सलालाहमध्ये जे घडते ते वेगळे आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. जून अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेथे खरीफ, म्हणजे त्यांचा पावसाळा, असतो. आपल्या सह्याद्रीवर आदळणारेच नैऋत्य मोसमी वारे तेथील किनाऱ्याला घासून जातात, त्यांच्या जोराने समुद्रातील खोलवरचे थंड पाणी वर येते, त्यावरून जाणारी दमट हवा गार होऊन धुके बनते आणि किनाऱ्यामागच्या डोंगरांना अडून राहते. महाबळेश्वरला एका पावसाळ्यात 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सलालाहला असते ती भुरभुर. तेवढ्या भुरभुरीने डोंगराचा समुद्राकडचा उतार हिरवागार होतो आणि डोंगराच्या मागे थुमरैत गावाकडे कोरडे वाळवंट जसेच्या तसे राहते. मस्कतकडून गाडीने आलात तर हा बदल काही मिनिटांत अनुभवाला येतो. वाळवंटातील उन्हात तापलेल्या काचेवर घाटाच्या तोंडाशी पाण्याचे बारीक थेंब जमू लागतात, वायपर चालू करावा लागतो, पुढच्या गाडीचे मागचे दिवे तेवढे दिसतात आणि धुक्यातून अचानक रस्त्याच्या मधोमध उंट उभा असलेला दिसतो. अरबस्तानातील लोक हे पाहायला कुटुंबकबिल्यासह येतात, चिखलात चटया अंथरतात आणि भिजण्यात धन्यता मानतात. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर शहाळी आणि केळ्यांचे घड टांगलेले असतात. आपले वडील तेथे उतरून म्हणतील, "अरे, हे तर रत्नागिरी!" आणि ते काही चुकीचे नसेल.

म्हणून माझे मत असे की, वयस्क आईवडिलांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत जावे. तेव्हा मस्कतची हवा आपल्या दिवाळीनंतरच्या हवेसारखी असते. आणि आपल्याकडे जे नाही ते, म्हणजे वाळवंट, उघडेबोडके डोंगर, खजुरीची गावे, हे सगळे उन्हाचा त्रास न होता पाहता येते. जुलैत गेलात तर सलालाहचे चार दिवस सोडून उरलेला मुक्काम मस्कतच्या वातानुकूलित खोलीत काढावा लागेल. मस्कत ते सलालाह अंतर सुमारे 1,000 किलोमीटर आहे आणि खरीफच्या दिवसांत त्या रस्त्यावर गर्दी असते. सत्तरीच्या माणसाला गाडीने न नेता विमानानेच न्यावे. प्रवास विमा काढताना रक्तदाब, मधुमेह जे काही असेल ते लपवू नये.

प्रश्न : सहलीला बरोबर काय न्यावे? बाहेरचे शाकाहारी मिळते का? (विटा)

उत्तर : शहरांत मिळते, महामार्गावर पराठा-चहाची केरळी हॉटेलेही आहेत, परंतु डोंगरात आणि वाळवंटात घरचाच डबा खरा. दशम्या, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी हे दिवसभर टिकते. दहीभात बर्फाच्या पेटीत ठेवावा. सांगलीचे भडंग हौसेने नेतात सगळेच, पण मस्कतच्या किनाऱ्यावरील दमट हवेत डबा उघडला की अर्ध्या तासात ते मऊ पडते, तेव्हा ते गाडीतच संपवावे. पाणी माणशी चार-पाच लिटर धरावे. निखाऱ्यांवर कणसे आणि पनीर भाजण्याची फार आवड असते, मात्र किनाऱ्यावर आणि बागांत नेमून दिलेल्या जागेशिवाय चूल पेटवली तर दंड होतो. रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाऊ-पिऊ नये. कायद्यानेच बंदी आहे.

प्रश्न : वाडीत पोहायला जाणे सुरक्षित असते का? अलीकडे पुराच्या बातम्या ऐकल्या. (वाई)

उत्तर : आभाळ निरभ्र असेल आणि डोंगरातही पावसाचा अंदाज नसेल तरच जावे. आपण उभे असतो तेथे ऊन असते आणि लांब डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा कोरड्या पात्रातून अचानक येतो. रस्ता जेथे वाडी ओलांडतो तेथे लाल-पांढऱ्या खुणांचे खांब असतात. पाणी लाल खुणेला लागले की गाडी पुढे घालायची नाही. वाहत्या वाडीत जाणूनबुजून गाडी घातल्यास शिक्षा होते, आणि ती व्हायलाच हवी. वाडी शाबसारख्या ठिकाणी वाटेत गावकऱ्यांची वस्ती असते, म्हणून पोहण्याचे कपडे घालून गावातून चालू नये.

प्रश्न : मी आणि पत्नी मस्कतला राहतो, सध्या रजेवर मिरजेला आलो आहोत. पुढील वर्षी युरोपला जायचे आहे. व्हिसा भारतातून काढावा की तेथून? आणि यात्रा कंपनीबरोबर जावे का? (मिरज)

उत्तर : शेंगेन व्हिसाचा अर्ज आपण कायदेशीर रहिवासी असलेल्या देशातून करायचा असतो, म्हणजे मस्कतहून. सध्या 29 देशांना मिळून हा एकच व्हिसा चालतो. ब्रिटन त्यात येत नाही, त्याचा व्हिसा वेगळा. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करावा. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून अर्ज घेतला जातो आणि किमान 15 दिवस आधी तो द्यावाच लागतो, पण उन्हाळ्यातील प्रवासासाठी भेटीची वेळ मिळणे दुरापास्त होते म्हणून लवकर हालचाल करावी. निदान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला आणि परतीनंतर किमान तीन महिने मुदतीचा असावा.

यात्रा कंपनीबरोबर आईवडिलांना पाठवावे. आपण दोघे तरुण आहात, आगगाड्यांचे जाळे तेथे उत्तम आहे, तेव्हा एक किंवा दोनच देश निवडून स्वतःच्या चालीने फिरावे. दहा दिवसांत सात देश पाहून आलेल्यांना नंतर कोणता पूल कोणत्या गावचा हे सांगता येत नाही. आणि थोडे स्पष्ट लिहिते, राग मानू नये : आपण पत्रात स्वित्झर्लंडची सगळी ठिकाणे लिहिली आहेत, पण ओमानमधल्याच सूरचा जहाजबांधणीचा कारखाना किंवा रास अल जिंझचा किनारा पाहिल्याचा उल्लेख नाही. त्या किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवे अंडी घालायला येतात. वेळासला आपल्याकडे पिल्ले समुद्रात जाताना दाखवतात, तर तेथे रात्री वाटाड्याबरोबर जाऊन, दिवे आणि कॅमेरे बंद ठेवून, मोठी मादी वाळूत खड्डा करताना पाहता येते. व्हिसाची तारीख मिळेपर्यंतच्या एखाद्या शुक्रवारी ते उरकून घ्यावे. ओमानच्या रहिवासी कार्डाची मुदत युरोपहून परतल्यानंतरही काही महिने शिल्लक असली पाहिजे. ती संपत आली असेल तर आधी कार्डाचे नूतनीकरण आणि मगच व्हिसाचा अर्ज, हा क्रम बदलू नये.